बोटीवर बंदी, बोटावर कसिनो: ऑनलाइन जुगारात हात आवरायचा कसा?

नाईटशिफ्ट_डिचोली
नमस्कार मंडळी. दोन वर्षं फक्त वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. रात्रीचे पावणेतीन वाजलेत, कँटीनमध्ये बसलोय, समोरचा चहा कधीच गार झाला. गोव्यातल्या डिचोलीचा आहे, पॅकिंगला नाईट शिफ्ट, घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी, याच्या पुढे विचारू नका.

सुरुवात क्रिकेटच्या फँटसी टीमपासून. ४९ रुपये लावायचे, कधी दोनशे यायचे, मॅच बघायला मजा यायची, बस्स. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा आला आणि ते मोठे ॲपवाले पैशाचे खेळ बंद करून बसले. म्हटलं चला सुटलो. तर आठ दिवसांत टेलिग्रामवर एकाने लिंक टाकली, प्ले स्टोअरवर नाही, फाइल डाउनलोड करून घालायची, त्यात ते विमानवालं. विमान वर वर जातं, आकडा १.२, १.८, ३, ५ असा चढतो आणि ते फुटायच्या आत पैसे काढायचे. एक डाव दहा सेकंदांचा. चहाच्या एका ब्रेकमध्ये किती डाव होतात बघा.

आता किती गेले ते नक्की माहीत नाही, साठ-सत्तर हजार असतील. परवा १२ हजार जिंकले, काढायला गेलो तर चॅटवर म्हणतात आधी ३० टक्के टॅक्स भरा, ३६०० पाठवा, मग रक्कम सुटेल. भरू काय?

आणि खरा प्रश्न असा की पूर्ण सोड म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत, ते मला कळतं. पण खेळूनही कंट्रोलमध्ये राहिलेला कोण आहे काय इथे? लिमिट लावता ती कशी लावता? लेक्चर नको, प्लीज.

वकीलबाब_फोंडा
३६०० भरू नका. बाकीचं नंतर वाचा, आधी हे.

जिंकलेल्या रकमेवर कर असतो हे खरं, १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेमच्या निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएसची तरतूद आहे. पण टीडीएस म्हणजे देणाऱ्याने कापून घ्यायचा कर. तुम्हाला द्यायच्या १२ हजारांतून त्यांनी कापावा आणि उरलेले द्यावेत. तुमच्याकडून उलटे पैसे मागून कोणीही सरकारी कर भरत नाही. ३६०० दिलेत की "प्रोसेसिंग"चे २ हजार मागतील, मग "खातं व्हेरिफाय"चे ५ हजार. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते त्यांनी अशा चार पायऱ्या भरल्या होत्या, पाचवीला बायकोने विचारलं.

आणि पैसे भरताना दर वेळी वेगळ्या नावाचा क्यूआर यायचा काय? हो असेल तर तसं लिहा.

नाईटशिफ्ट_डिचोली
हो. कधी कुठल्या ट्रेडर्सचा, एकदा तर भांडी स्टोअर्स लिहिलं होतं. मी हसलो होतो तेव्हा.

वकीलबाब_फोंडा
ती भाड्याने घेतलेली खाती असतात. कोणातरी गरजूला दोनपाच हजार देऊन त्याच्या नावाचं खातं वापरायचं. कुठेतरी तक्रार झाली की ते खातं गोठतं आणि त्याच्याशी ज्यांचा व्यवहार झाला त्यांच्या खात्यातली रक्कमही कधीकधी अडकते. म्हणजे जिंकून पैसे आले तरी ते कोणाच्या खात्यातून आले त्यावर तुमचा पगार अडकायचा की नाही ते ठरतं. हे लोकांच्या डोक्यातच येत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ऑनलाइन गेमिंगचं ते विधेयक लोकसभेत २० ऑगस्ट २०२५ ला, राज्यसभेत २१ ला मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्यात आले, कौशल्याचा असो नाहीतर नशिबाचा. खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, म्हणून तक्रार करायला घाबरू नका. १९३० हा सायबर फसवणुकीची तक्रार करायचा सरकारी नंबर, त्यावर फोन करा, पैसे जाऊन जितका कमी वेळ झाला तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक काढून ठेवा, ॲप उडवायच्या आधी.

मांडवीच्या_काठी
मी सात वर्षं मांडवी नदीतल्या कसिनोच्या बोटीवर डीलर होतो, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा, कुठल्या बोटीवर ते सोडा. गंमत बघा, १ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या गोंयकारांना कसिनोत खेळायला आत जायची बंदी आहे. आम्हाला बोटीवर बंदी आणि बोटावर अख्खा कसिनो 😄

लिमिटचं विचारलंस ना, तर आधी हिशेब समजून घे, म्हणजे लिमिट कशाची लावायची ते कळेल. रूलेटच्या चाकात एक शून्य असेल तर घरं ३७. आकडा लागला तर लावलेले परत आणि वर ३५ पट, म्हणजे एकूण ३६. त्या एकाच्या फरकात बोटीचं सगळं पोट चालतं, शंभर रुपयांमागे साधारण २ रुपये ७० पैसे. ऐकायला काहीच नाही. पण टेबलवर मी तासाला जास्तीत जास्त चाळीस वेळा चाक फिरवायचो, कारण चिप्स मोजायच्या, लोकांना द्यायच्या, कोणतरी दारू सांडणार, कोणतरी भांडणार. दर वेळी शंभर लावले तर तासात चार हजारांची उलाढाल, सरासरी शंभर-सव्वाशे गेले. तोच खेळ फोनवर दहा सेकंदांना एक म्हणजे तासाला ३६०. छत्तीस हजारांची उलाढाल आणि हजाराच्या आसपास गेले. खेळ तोच, टक्के तेच, फक्त मधला माणूस काढून टाकला. आणि हे सरळ चाकाचं झालं, तुझ्या विमानात टक्के किती ठेवलेत ते तो बनवणाराच जाणे.

बोटीवर घड्याळ नसतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरी मेख चिप्स. पाचशेची नोट टाकताना हात थबकतो, प्लास्टिकची चकती टाकताना नाही. फोनवर तर चकतीपण नाही, नुसता आकडा.

तारवटी_बाणावली
मी थोडा वेगळा बोलतो, मार पडेल तरी चालेल. बोटीवर आहे, क्रूझवर नाही कार्गोवर, सहा-सात महिने बाहेर असतो. घरी आलो की चवथीला आमच्याकडे रात्रभर पत्ते चालतात, तीनपत्ती, माटोळीखाली बसून, काकू मधे मधे चहा आणून देतात. मी दरवर्षी दोन हजार घेऊन बसतो, ते संपले की उठतो आणि नेवऱ्या खातो. तीस वर्षांत कधी तीन हजार नाही झाले. मग राहता येतं की कंट्रोलमध्ये.

मांडवीच्या_काठी
पात्रांव, तुझ्या चवथीत दोन हजार संपले की समोर चुलतभाऊ असतो, तो म्हणतो उठ आता. फोनवर दोन हजार संपले की फोन म्हणतो ५०० फ्री, आणखी एकदा.

मटक्याचे_दिवस
माझं वय ६८, मुलाने हे लिहायला शिकवलंय, चुका सांभाळून घ्या. मी तरुणपणी मटका लावायचो, खोटं कशाला बोलू. एकाला नऊ मिळायचे, दहा आकड्यांतला एक लागणार म्हणजे दहा रुपयांमागे एक रुपया बुकीचा, हे तेव्हाही कळत होतं तरी लावायचो. ओपन म्हणजे पहिला आकडा लागला नाही तर क्लोजला, म्हणजे नंतरच्या आकड्याला, दुप्पट. स्वप्नात साप आला तर कुठला आकडा, पाणी आलं तर कुठला, यावर तिठ्यावर तासभर चर्चा.

पण आमचा बुकी गावातला होता. पानपट्टीच्या मागे बसायचा. एकदा मी पगाराच्या दिवशी दोनशे लावायला गेलो, त्याने चिठ्ठी वीसचीच लिहिली आणि म्हणाला, बाकीचे घरी ने, तुझी आई काल इथे येऊन मला शिव्या घालून गेली. तो काय संत नव्हता, त्यालाही उद्या माझी गरज होती. ह्या मोबाइलवाल्याला तुझी उद्या गरज नाही, त्याच्याकडे तुझ्यासारखे लाखभर आहेत. तुझी आई शिव्या घालणार तरी कोणाला.

गुरुजी_फिक्सटिप्स
भावांनो लॉस कव्हर करायचाय?? १०० टक्के पास टिप, आधी जिंका मग फी द्या, टेलिग्राम जॉइन करा

मॉडरेटर
वरच्या आयडीला काढलंय. लिंक उडवली आहे, मजकूर मुद्दाम ठेवलाय.

मांडवीच्या_काठी
ठेवलंत ते बरं झालं. हे कसं चालतं ते सांगतो. १०२४ जणांना मेसेज करायचा, निम्म्यांना सांगायचं आज ही टीम जिंकणार, निम्म्यांना ती. ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांना सोडून द्यायचं. राहिले ५१२, पुन्हा निम्मे निम्मे. पाच मॅचनंतर ३२ जण असे उरतात ज्यांना गुरुजींनी सलग पाच बरोबर सांगितल्या. ते घर गहाण ठेवून फी भरतात.

नेवरी_आणि_चाय
मी खेळणारी नाही, खेळणाऱ्याची बायको. तू बायकोला सांगितलंयस काय, हे कोणी विचारलंच नाही अजून.

माझ्या नवऱ्याचं मला कसं कळलं तर मंगळसूत्र बँकेत गोल्ड लोनला होतं आणि मी चतुर्थीला घालायला मागितलं. तोपर्यंत तीन लोन ॲप झाली होती, त्यांनी त्याच्या फोनमधले सगळे नंबर घेतलेले, माझ्या शाळेतल्या बाईंना मेसेज गेला की हा माणूस चोर आहे. ॲप घालताना कॉन्टॅक्टची परवानगी मागतात ती याच्यासाठी, जुगाराची ती डाउनलोड करायची फाइल असते तीपण तेच करू शकते, लक्षात ठेवा.

आणि मी एक मोठी चूक केली. माझ्या भावाकडून पैसे आणून त्याचं सगळं कर्ज एका दिवसात फेडलं. वाटलं डोक्यावरचा भार गेला की तो सुधारेल. भार गेला म्हणून त्याचा हात मोकळा झाला, अडीच महिन्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी मी एक पैसा दिला नाही, त्याच्याबरोबर बसून यादी केली, कोणाचे किती, आणि त्याच्याच पगारातून महिन्याला फेडले. वेळ लागला. पण फोन तपासायचं मी बंद केलं, कारण तपासून काही होत नव्हतं, तो दुसरा फोन घ्यायचा. त्यापेक्षा पैशाची वाट बदलली. पगार माझ्या नि त्याच्या जॉइंट खात्यात, त्या खात्याला यूपीआयच नाही. त्याच्या फोनला जोडलेल्या खात्यात दर सोमवारी पंधराशे रुपये. पेट्रोल, चहा, पाव सगळं त्यात. सुरुवातीला तो चिडायचा, लहान मुलगा आहे काय मी म्हणून. आता त्यालाच ते बरं वाटतं.

नाईटशिफ्ट_डिचोली
नाही सांगितलं. हिंमत नाही झाली. तुमचं वाचून पोटात गोळा आला.

म्हापसा_टू_स्विंडन
इथे युकेत आहे, १३ वर्षं झाली, वेअरहाऊसमध्ये. इथे जुगार कायदेशीर आहे आणि आपले किती पोरगे यात अडकलेत विचारू नका, नाईट शिफ्ट, थंडी, एकटेपणा, खोलीत पाच जण. पण इथे एक सोय आहे, गॅमस्टॉप म्हणून, २०१८ पासून. आपण स्वतःच नाव घालायचं, ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षं, आणि इथलं लायसन असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांना तुम्हाला बाहेर ठेवावंच लागतं. मधेच मन बदललं तरी मुदत संपेपर्यंत उघडत नाही, तीच तर खुबी. क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला २०२० पासून बंदी. ऑनलाइन स्लॉटला २०२५ पासून एका डावाला जास्तीत जास्त ५ पौंड, २५ च्या आतल्या मुलांना २ पौंड.

आणि लिमिटचं एक शिकण्यासारखं आहे. इथे आपली लिमिट कमी केली तर ताबडतोब लागू, वाढवली तर थांबावं लागतं, निदान एक दिवस. माझ्या बँकेत जुगाराचं बटन बंद केलं की परत चालू करायला ४८ तास. रात्री दोन वाजता जी बुद्धी सुचते ती दुसऱ्या रात्रीपर्यंत टिकत नाही.

पण खरं सांगते, माझ्या दिराने गॅमस्टॉप केलं आणि मग त्यात नसलेल्या बाहेरदेशच्या साइट शोधून काढल्या. त्या साइट अशाच लोकांना शोधत असतात. तुमच्याकडे आता जे काही उरलंय ते सगळं त्याच जातीचं आहे ना? लायसन नाही, लिमिट नाही, तक्रार नाही. मग "कंट्रोलमध्ये खेळणं" कोणाच्या भरवशावर?

तारवटी_बाणावली
हे पटलं. माझी चवथ वेगळी आणि हे वेगळं. मागे घेतो.

हळदोण्याचो_पाव
टेक्निकल थोडं. काही बँकांच्या ॲपमध्ये यूपीआयची दिवसाची मर्यादा आपली आपण कमी करता येते, मी हजारावर ठेवलीय. डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंदच करून टाका, कार्ड चालू-बंद करायची सोय द्यायला रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच बँकांना लावलंय. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून असतं, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, तिथे जाऊन बघा, कधी काय मान्य केलंय ते आठवतही नसतं, माझ्या मित्राला तिथे दोन सापडले. आणि बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढ रे बाबा, पीडीएफ, प्रिंट मार आणि मार्कर घेऊन बस. अंदाजाने सत्तर हजार म्हणतोयस, अंदाज नेहमी आपल्या बाजूने असतो.

बांबोळीच्या_चढावर
मी समुपदेशनाच्या कामात आहे, सल्ला सर्वसाधारण समजा. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ यादीत आहे, दारूच्या व्यसनाच्याच शेजारी. त्यामुळे "मनाने घट्ट राहा" एवढं सांगून भागत नाही, दारुड्याला सांगून भागतं काय?

तुझ्या पोस्टमध्ये मला एकच गोष्ट दिसली, ते विमान. त्यात नेहमी थोडक्यात हुकल्यासारखं वाटतं. समज, तू १.८ ला काढलेस, ते ५ पर्यंत गेलं. किंवा तू थांबलास आणि ते १.९ ला फुटलं. दोन्ही वेळा तू हरलास असं मनाला वाटत नाही, चुकलास असं वाटतं, आणि चूक सुधारता येते म्हणून परत लावतोस. गेलेले परत मिळवायला लावणं, कुठल्याही पेशंटकडे मी आधी तेच विचारते. किती गेले याच्यापेक्षा, गेलेले आणायला गेलास काय, हे महत्त्वाचं.

हुक्की येते ती लाटेसारखी असते, चढते आणि उतरते, वीस-तीस मिनिटांत. त्या वेळात फोन दुसऱ्याकडे दे, कुलपात ठेवता आला तर उत्तम. कँटीनमध्ये शेजारच्याला सांग की ब्रेकभर ठेव. लाज वाटते तर चार्जिंगला लाव म्हण.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. पैशाच्या ताणाने जीव नकोसा वाटू लागला असेल तर आत्ताच्या आत्ता तो लाव. आणि बांबोळीला आयपीएचबी या मानसोपचार संस्थेची ओपीडी आहे, सरकारी आहे, तिथे जायला वेडं असावं लागत नाही, हे मला अजूनही दर आठवड्याला सांगावं लागतं.

नाईटशिफ्ट_डिचोली
चार दिवसांनी लिहितोय. ३६०० भरले नाहीत. त्यांनी आधी गोड, मग धमकी, मग पुन्हा गोड असे मेसेज केले. १९३० वर तक्रार घातली, नंबर मिळालाय, पैसे परत येतील असं काही धरून नाही बसलो.

स्टेटमेंट काढलं. बाजारात झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट मारली, १९ पानं. तो पोरगा पानं मोजत होता आणि मला वाटत होतं याने वाचू नये. घरी मागच्या खोलीत मुलीचा पिवळा स्केचपेन घेऊन बसलो. दुसऱ्या पानावरच पिवळं इतकं झालं की पेन सुकला, मग हिरवा घेतला. भरलेले १,८४,३००. काढलेले ४१,०००. म्हणजे गेले १,४३,३००. मी तुम्हाला सत्तर सांगितले होते आणि मी खोटं बोलत नव्हतो, मला खरंच सत्तर वाटत होते. मुलीच्या वाढदिवसाच्या रात्री ११:५२ ते १२:४० मध्ये नऊ एंट्री आहेत. मला त्यातली एकही आठवत नाही.

काल बायकोला सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. पानं ओट्यावर ठेवली. हात धुऊन तिने शेवटपर्यंत बघितली, मग एवढंच विचारलं, "पिग्मीचे पण?" म्हटलं, पिग्मीचे पण. ती परत बांगडे घेऊन बसली. रात्री जेवताना बोलली नाही. सकाळी मी शिफ्टवरून आलो तर तिने माझं एटीएम कार्ड माझ्या पाकिटातून काढून तिच्या डब्यात ठेवलं होतं आणि टेबलावर शंभराच्या पाच नोटा.

यूपीआयची लिमिट पाचशे केली. ॲप उडवलं. काल रात्री ब्रेकला फोन शेजारच्याकडे दिला, चार्जिंगचं सांगून. हात नुसते शिवशिवत होते, दोन कप चहा प्यालो.

आत्ता हे लिहिताना नव्या नंबरवरून मेसेज आला, "तुमच्या खात्यात ५०० बोनस, आज रात्री १२ पर्यंत". याआधीचे चार नंबर ब्लॉक केलेत.

नेवरी_आणि_चाय
पाच नोटा ठेवल्या ना तिने? मग ठीक आहे. मी पहिल्या दिवशी काहीच ठेवलं नव्हतं.

वकीलबाब_फोंडा
तो नवा नंबरही तक्रारीत जोडा. स्क्रीनशॉट काढून मगच ब्लॉक.

नाईटशिफ्ट_डिचोली
जोडतो. देव बरें करूं सगळ्यांना. बांबोळीला सोमवारी जायचं म्हणतोय, ऑफ आहे. एकट्याने जायचं जरा जिवावर येतंय, बायकोला सुट्टी नाही.

मटक्याचे_दिवस
मला सोमवारी डोळे दाखवायला बांबोळीलाच जीएमसी इस्पितळात जायचंय, सांखळीहून येतो. साडेआठला डिचोली बसस्टँडवर थांब.

बांबोळीच्या_चढावर
काका, साडेआठ नको, आठ. केसपेपरला रांग असते.

नाईटशिफ्ट_डिचोली
आठला. निळी टोपी घालून येतो.